तिसरा दिवा: प्रवाळांच्या टाकीसाठी प्रकाश निवडतानाचे अकरा महिने

माझ्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीवर आज जो दिवा आहे, तो तिसरा. पहिला मी निम्म्याहून कमी किमतीत विकला, दुसरा दोन आठवड्यांच्या आत दुकानदाराकडे परत पाठवला आणि पहिल्याच दिव्याखाली तीन प्रवाळे गमावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाकीत पाणी भरले आणि डिसेंबरमध्ये प्रकाशाचे गणित एकदाचे बसले. त्या अकरा महिन्यांचा हा हिशेब आहे. या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक लेखन एक तर दिवे विकणाऱ्यांचे असते किंवा दहा-पंधरा वर्षे टाक्या सांभाळलेल्या जाणकारांचे. नवखा माणूस नेमका कुठे अडखळतो ते दोघांच्याही लेखनातून निसटते, म्हणून माझे अडखळणे तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, भाड्याच्या घरात राहते. माहेर मालवणचे, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत हे लहानपणापासून ऐकून होते, आणि पुढे तिथे स्नॉर्केलिंग सुरू झाल्यावर ती पाण्यात तोंड घालून पाहिलीही. टाकीची छायाचित्रे पाहून पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या काही जणांनी "आम्हालाही असे करायचे आहे" असे कळवले, त्यांच्यासाठी आधीच सांगते. भारतात खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती वाघाच्या रांगेत बसतात. किनाऱ्यावरून हौसेने तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. इथेही ती मोकळी नाहीत. दगडी प्रवाळे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याबरोबर विक्रेत्याकडून उगमाचा दाखला घ्यावा लागतो आणि तो जपून ठेवावा लागतो. माझ्याकडचे सगळे तुकडे कोणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळांपासून काढलेले आहेत. इथले हौशी लोक त्यांना फ्रॅग म्हणतात. कोकणातल्या माणसाला त्यासाठी कलम हा शब्द पुरेसा आहे.

टाकी मला डिसेंबर २०२३ मध्ये गाव सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याकडून कॅबिनेटसह २५० युरोंना मिळाली. ९० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. काठोकाठ भरल्यास २२५ लिटर. दिवा त्याने आधीच वेगळा विकला होता. घरमालकीणबाईंची लेखी परवानगी मिळायला तीन आठवडे लागले, कारण पाणी, खडक, काच आणि कॅबिनेट मिळून वजन साडेतीनशे किलोंच्या घरात जात होते. टाकी कोणत्या भिंतीला लागून राहील याचा आराखडा त्यांनी मागितला, आणि टाकी फुटून खालच्या मजल्यावर पाणी गेल्यास नुकसान कोण भरणार याविषयी विमा कंपनीचे पत्रही मागितले. दिव्याशी याचा संबंध काय, असे वाटेल. पण परवानगीच्या पत्रात शेवटी एक वाक्य होते: छताला भोके पाडता येणार नाहीत. त्या वेळी मी ते नुसते वाचून पुढे गेले. दिवा छताला टांगता येणार नाही, म्हणजे तो किती उंचीवर राहील याचे स्वातंत्र्यच संपले, हे मला सहा महिन्यांनी कळले. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हा प्रश्न टाकीआधी सोडवावा.

१० फेब्रुवारीला पाणी भरले. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारता येईल इतके मीठ मिसळले, खडक रचले आणि पुढचे चार आठवडे टाकी अंधारातच ठेवली. या काळात खडकांवर जे जिवाणू स्थिरावतात त्यांना प्रकाशाची गरज नसते. दिवा लावला तर फायदा फक्त शेवाळाचा होतो. सगळ्या प्रक्रियेत मी पहिल्याच प्रयत्नात बरोबर केलेली गोष्ट बहुधा ही एकच.

९ मार्चला पहिला दिवा आणला. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीतून ९० युरोंना घेतलेली ती एक काळी पेटी होती: ५५ एलईडी, प्रत्येकावर छोटे भिंग, दोन पंखे, आणि निळ्या व पांढऱ्या प्रकाशासाठी एकेक बटण. वर "१६५ वॅट" असे छापलेले होते. लिटरमागे अर्धा ते पाऊण वॅट, असा एक जुना नियम मी कुठेतरी वाचला होता. १६५ ला २२५ ने भागले, उत्तर पाऊणच्या जवळ आले आणि मी समाधानी झाले. हा नियम ज्या काळी सगळ्यांच्या टाकीवर सारख्याच नळ्या असत त्या काळातला आहे, आणि वॅट हे दिवा वीज किती खातो याचे माप आहे, प्रवाळापर्यंत प्रकाश किती पोहोचतो याचे नव्हे, हे तेव्हा लक्षात आले नाही. शिवाय भिंतीवरच्या सॉकेटला वीजमापक लावून पाहिले, तर दोन्ही बटणे पूर्ण फिरवूनही ही पेटी ११८ वॅटच्या वर जात नव्हती.

२३ मार्चला सहा कलमे आणली, एकूण १३५ युरोंची: छत्रीसारखे पसरणारे डिस्कोसोमा, बटणांसारखे झोअँथस, चामड्यासारखे सार्कोफायटन, हिरव्या ताऱ्यांचे गालिचेवजा प्रवाळ, लांब शुंडकांचे युफिलिया आणि पानासारखे पसरणारे जांभळे मॉन्टिपोरा. यांतली पहिली चार मऊ, शेवटची दोन दगडी. कोणाला किती उजेड हवा याचा विचार न करता, फुलदाणीत फुले रचावीत तशी मी ती जिथे शोभतील तिथे ठेवली. मॉन्टिपोरा खडकाच्या माथ्यावर, युफिलिया मधल्या पायरीवर, डिस्कोसोमा दिव्याच्या बरोबर खाली वाळूत आणि झोअँथस डाव्या कोपऱ्यात.

तीन आठवड्यांत चित्र गोंधळात टाकणारे झाले. कोपऱ्यातील झोअँथस देठ लांब करून वर ताणू लागले, म्हणजे त्यांना उजेड कमी पडत होता. मधोमध असलेले सार्कोफायटन उघडतच नव्हते आणि डिस्कोसोमा आक्रसून फिकट झाले होते. खोलीत उभे राहून पाहिले तर टाकी मला अंधुक वाटत होती, म्हणून सगळ्यांनाच उजेड कमी पडतो आहे असा निष्कर्ष काढून १४ एप्रिलला मी निळे बटण ५० वरून ८० टक्क्यांवर नेले. नऊ दिवसांत डिस्कोसोमा पांढरे पडून विरघळले. पाठोपाठ मॉन्टिपोराचा रंग उडून खालचा सांगाडा दिसू लागला, आणि युफिलिया जे आत ओढले गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाही. जे प्रकाशाने होरपळत होते त्यालाच मी आणखी प्रकाश दिला होता.

त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारले, "गे, पोवळ्यांका उजेड कित्याक होयो? ती काय झाडां आसत?" मी त्यांना उत्तर देऊ लागले आणि मधेच अडखळले, कारण ते आपल्याला स्वतःलाच नीट ठाऊक नाही हे ध्यानात आले.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय सहजीवी शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग यजमानाला देते. म्हणजे बाबांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. या शैवालात हरितद्रव्य अ, हरितद्रव्य क आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये असतात, आणि ती प्रामुख्याने जांभळ्या, निळ्या व निळसर-हिरव्या पट्ट्यातील प्रकाश शोषतात. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो आणि निळा खोलवर जातो, हे पाहता ही व्यवस्था अगदी हिशेबी आहे. माणसाचा डोळा मात्र ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याला फार मंद दिसतो. मला अंधुक वाटणारी टाकी प्रवाळाच्या दृष्टीने भर उन्हात होती. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲप याच कारणाने फसवते, कारण लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याच्या मापाने बेतलेले आहे. प्रमाणाबाहेर प्रकाश मिळाला की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, त्यातून अपायकारक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकते. समुद्राचे पाणी तापले की पोवळी पांढरी पडतात असे आपण वाचतो, ती हीच क्रिया.

प्रवाळाला प्रकाश किती लागतो, याला एक उत्तर नाही. आपल्याच किनाऱ्यावर त्याची दोन टोके आहेत. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, खुल्या समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे, तरी तिथे प्रवाळे वाढतात, कारण पाणी नितळ आहे आणि प्रकाश तिथवर उतरतो. मालवणजवळची प्रवाळे उलट किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात थोड्याच खोलीवर असतात, आणि पावसाळ्यात तर त्यांना कित्येक आठवडे मंद उजेडावर काढावे लागतात. हे कळल्यावर माझा प्रश्नच बदलला. टाकीसाठी कोणता दिवा, हे विचारण्याआधी टाकीत कोण राहणार आणि कुठे, हे ठरवायला हवे होते.

मोजायचे माप पार (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील किती फोटॉन दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते त्यात मायक्रोमोलमध्ये सांगतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीसाठी हौशी लोक ढोबळमानाने मऊ प्रवाळांना ५० ते १५०, मोठ्या तोंडांच्या (युफिलियासारख्या) दगडी प्रवाळांना ७५ ते १५० आणि बारीक तोंडांच्या (मॉन्टिपोरासारख्या) दगडी प्रवाळांना २०० ते ३५० धरतात. हे नियम नव्हेत, सुरुवातीचे अंदाज आहेत. मापकाची किंमत मात्र काही शे युरो असते, आणि वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या वस्तूवर तेवढा खर्च करण्यात अर्थ नव्हता.

शहरातील एका मत्स्यपालक मंडळाकडे असा मापक भाड्याने मिळतो, असे समजले. त्यासाठी सभासद व्हावे लागले, एक पानी अर्ज, ओळखपत्राची प्रत, १५० युरो अनामत आणि तीन दिवसांचे २० युरो भाडे. प्रतीक्षायादीत अडीच आठवडे गेले आणि ३ मे रोजी मापक हातात आला. देताना मंडळातील एका निवृत्त गृहस्थांनी मला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही मधोमध मोजाल, आकडा पाहून खूश व्हाल आणि मापक परत कराल. तसे करू नका. कोपरे मोजा."

त्या शनिवारी मी टाकीच्या तोंडावर सुती दोरे ताणून नऊ चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनात पाण्याच्या तीन पातळ्यांवर, असे सत्तावीस आकडे वहीत उतरवले. यासाठी दुपार लागते. पृष्ठभागावरच्या लाटांमुळे आकडा सतत वर-खाली होत राहतो, म्हणून प्रवाहाचे पंप बंद करून, दहा सेकंद थांबून सरासरी घ्यावी. संवेदक सरळ वर तोंड करून धरावा. हात थोडा तिरका झाला तरी आकडा घसरतो. मापक पाण्याखाली वापरण्यासाठीच बनवलेला आहे याची खात्री करून घ्यावी, कारण साधा संवेदक पाण्यात बुडवल्यावर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि मग दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. शक्य तर कलम जिथे ठेवले आहे त्या नेमक्या जागी आकडा घ्यावा, नुसता त्या चौकोनात नव्हे.

निकाल असा होता. निळे बटण ८० टक्क्यांवर असताना खडकाच्या माथ्यावर, जिथे मॉन्टिपोरा होते तिथे, ४८०. मधल्या पायरीवर ३३०. डिस्कोसोमा जिथे विरघळले त्या वाळूवर २३०. आणि डाव्या कोपऱ्यात, झोअँथस ताणून उभे होते तिथे, ३८. एकाच टाकीत, एकाच दिव्याखाली, बारापटींहून अधिक फरक. पेटीतील अरुंद भिंगांनी सगळा प्रकाश मधोमध ओतला होता. मंडळातल्या त्या गृहस्थांना फोन करून आकडे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी दिव्याविषयी काहीच न म्हणता विचारले, "तुम्हाला पाळायचे काय आहे?"

ते ठरवायला मे महिना गेला. विल्हेल्मा या इथल्या प्राणि-वनस्पती उद्यानातील मत्स्यालयात दोन रविवार जाऊन बसले, तेव्हा आपल्याला डोलणारी, मांसल प्रवाळे अधिक आवडतात हे लक्षात आले. म्हणून यादी अशी केली: तीन-चतुर्थांश मऊ आणि मोठ्या तोंडांची प्रवाळे, माथ्यावर एक-दोन मॉन्टिपोरा, प्रखर उजेड मागणारे बारीक तोंडांचे ॲक्रोपोरा नाही. म्हणजे माथ्यावर २०० ते २५०, मध्ये १०० ते १५०, वाळूवर ६० ते ९० आणि कोपऱ्यात निदान ५०. हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवले. त्यानंतर जाहिराती वाचणे फारच सोपे झाले.

धातू-हॅलाइड दिव्यांचा विचार मी लगेच सोडला. एकेक दिवा २५० वॅटचा, आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला वेगळे यंत्र. टी-५ या बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा मोह मात्र बराच काळ सुटेना. त्यांचा प्रकाश टाकीभर सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, आणि अनेक जुने लोक आजही त्यांचीच शपथ घेतात. माझ्या लांबीच्या टाकीला ३९ वॅटच्या सहा नळ्या लागल्या असत्या. रोज दहा तास धरले तर २.३४ युनिट, माझ्या ३६ सेंट दराने वर्षाला सुमारे ३०७ युरो वीज; शिवाय नळ्यांचा प्रकाश क्षीण होत जातो म्हणून त्या दरवर्षी बदलायच्या, म्हणजे आणखी सव्वाशे-दीडशे युरो. त्यात पाऱ्यामुळे युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-५ आणि टी-८ नळ्या नव्याने बाजारात आणण्यास बंदी आली आहे. मत्स्यालयाच्या खास नळ्या दुकानात दिसत होत्या, पण पाच वर्षांनी त्या मिळतील यावर पैसे लावायची माझी तयारी नव्हती. एलईडीच घ्यायचे ठरले.

तरीही मी एकदा आणखी चुकले. १२ जूनला एका नामांकित कंपनीचा, चांगला नावाजलेला, एकच १३० वॅटचा गोल दिवा ४२९ युरोंना ऑनलाइन मागवला. १५ जूनला तो आला. दिसायला देखणा, खालून पाण्यात उन्हाच्या लहरी नाचाव्यात तसा प्रकाश. २१ जूनला मापक पुन्हा मिळाला. मधोमध ३०० आणि दोन्ही टोकांना ६० च्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा बरेच बरे. पण प्रकाश एकाच बिंदूतून येत असल्याने प्रत्येक खडकामागे धारदार सावली पडत होती, आणि त्या सावलीत आकडा २० च्या खाली जात होता. प्रवाळ वाढू लागले की ते स्वतःच्याच खालच्या भागावर अशी सावली धरते. दिव्यात दोष काहीच नव्हता. चौरस, लहान टाकीसाठी तो उत्तम आहे. माझी टाकी लांबट होती.

युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी मिळाल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता मागे घेता येते. मी २४ जूनला लेखी कळवले आणि आठ युरो टपालखर्च करून दिवा परत पाठवला. वस्तू तपासून पाहण्यापलीकडे वापरली असल्यास विक्रेता किमतीत कपात करू शकतो, हे मला माहीत नव्हते. आवरणावर मिठाचे डाग आढळल्याने ३५ युरो कापून उरलेले ८ जुलैला जमा झाले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. खोके आणि आतले साचे जपून ठेवावेत, आणि चाचणीच्या दिवसांत दिवा पाण्यापासून जरा उंच धरून रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसावा, एवढे मात्र सुचवते.

तिसऱ्या वेळी मी आधी उंची ठरवली. छताला टांगता येत नाही म्हणून कॅबिनेटच्या पाठीला बसणारी ६४ युरोंची पट्टी घेतली, जिच्यावर दिवे पाण्यापासून २४ सेंटिमीटर वर राहतात. त्या उंचीवरून ९० सेंटिमीटर झाकायचे तर एक तीव्र दिवा नको, दोन पसरट हवेत, असे गणित मांडून प्रकाश विखुरणारी काच असलेले दोन चपटे एलईडी पॅनेल निवडले. एकेकाची किंमत २८९ युरो. ३ ऑगस्टला मागणी नोंदवली, माल शिल्लक नसल्याने तीन आठवडे थांबावे लागले, आणि २४ ऑगस्टच्या शनिवारी ते लागले. वायर सॉकेटकडे नेताना तिला सॉकेटच्या खाली एक झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरातल्या विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक आहे ना, हेही पाहून घ्यावे. खारे पाणी आणि वीज यांच्या बाबतीत धाडस नको.

या वेळी ३० टक्क्यांपासून सुरुवात केली आणि दर शनिवारी पाच टक्के वाढवत ५ ऑक्टोबरला ६० वर थांबले. ६ सप्टेंबरला मापक मिळाला, तेव्हा मी ३०, ४५ आणि ६० या तिन्ही पातळ्यांवर सगळे आकडे एकाच बैठकीत घेऊन ठेवले. प्रत्येक पातळीवर काही मिनिटे दिवा ठेवल्याने प्रवाळांना अपाय होत नाही आणि पुन्हा भाडे भरावे लागत नाही. ६० टक्क्यांवर माथा २१० ते २४०, मधला भाग १२० ते १५०, वाळू ७० ते ९०, कोपरे ५५. फ्रिजवरची चिठ्ठी त्या दिवशी काढली. वेळ सकाळी अकरा ते रात्री नऊ ठेवली, म्हणजे कामावरून आल्यावर टाकी पाहायला मिळते. पहिले दोन तास प्रकाश हळूहळू चढतो, शेवटचे दोन तास उतरतो. दिवसाचा एकूण प्रकाशही ध्यानात घ्यावा. १०० मायक्रोमोल सलग दहा तास म्हणजे चौरस मीटरला ३.६ मोल, तीव्रता न वाढवता तास वाढवले तरी ही बेरीज फुगते. निळा आणि जांभळा प्रकाश जास्त, पांढरा थोडा, तांबडा व हिरवा जेमतेम डोळ्यांना बरे वाटेल इतका ठेवला आहे.

ऑक्टोबरमध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. पाण्याची कार्बोनेट कठीणता आठवड्याभरात ८.२ अंशांवरून ६.९ वर आली. मी चाचणीचा संच खराब झाला असे समजून नवीन आणला. त्यानेही तेच सांगितले. प्रकाश योग्य मिळू लागला की दगडी प्रवाळे सांगाडा वेगाने बांधतात आणि पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट भराभर उचलतात, हे कारण होते. तेव्हापासून रोज शुद्ध खाण्याच्या सोड्याचे मोजून केलेले द्रावण घालते. दिवा बदलणाऱ्याने पुढचे दोन महिने ही चाचणी आठवड्यातून दोनदा करावी.

१७ ऑक्टोबरला घरमालकीणबाईंचे पत्र आले. समोरच्या इमारतीतील कोणीतरी त्यांना कळवले होते की, माझ्या खिडकीतून रोज संध्याकाळी जांभळट उजेड दिसतो. एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढांना घरात गांजाची तीन झाडे लावायला परवानगी आहे, तेव्हापासून असल्या उजेडाकडे लोक फार लक्ष देऊन पाहतात. पत्रात दिव्याची वॅट-क्षमता, छायाचित्र आणि वापराचा हेतू विचारला होता. मी सगळे लेखी दिले आणि त्यांना चहाला बोलावले. त्या आल्या, पाऊण तास टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या, आणि जाताना छताला भोके पाडली नाहीत ना, तेही वर पाहून गेल्या. आता संध्याकाळी पडदा ओढते.

खर्च असा झाला. पहिल्या दिव्यात ५० युरो बुडाले, दुसऱ्यात ४३, तिसऱ्याला पट्टीसह ६४२ लागले आणि मापकाचे तीनदा भाडे ६०, एकूण ७९५. मेलेल्या तीन कलमांचे जवळपास ७५ युरो वेगळे. दोन्ही पॅनेल मिळून दिवसाला सुमारे ०.८ युनिट वीज घेतात, म्हणजे वर्षाला १०५ युरोंच्या आसपास.

सप्टेंबरमध्ये लावलेल्या नव्या मॉन्टिपोराच्या कडेला डिसेंबरच्या सुरुवातीला पांढरी रेघ दिसली. पहिल्या अनुभवामुळे छातीत धस्स झाले. पण ही फिकट कड वाढीची असते, आणि ती महिन्याभरात चार-पाच मिलिमीटर पुढे सरकली आहे. झोअँथस कोपऱ्यातच आहेत आणि त्यांचे देठ आखूड झाले आहेत. सार्कोफायटन रोज दुपारी बाराच्या सुमारास उघडते. पॅनेलच्या काचेवर मिठाची पुटे चढतात आणि ती नकळत प्रकाश खातात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीज बंद करून ती पुसते.

पुढची मोजणी १७ जानेवारीला आहे. मापकाच्या यादीत माझ्या पुढे दोघे आहेत, आणि त्यांतला एक नवखा असून दिवा विकत घेण्याआधी तो दुकानातल्याच टाकीवर मापक लावून पाहणार आहे, असे मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितले. दुकानदाराने त्याला आधी लेखी अर्ज द्यायला सांगितले आहे.